एकरकमी पैसा आणि उरलेली वर्षे
(द्वितीय वर्ष, कला)

‘निवृत्ती’ हा शब्द उच्चारला की वयाची साठी, शाल-श्रीफळ आणि दरमहा येणारी पेन्शन असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतील कामगारांची निवृत्ती पुष्कळदा अशी येत नाही. ती नोटीस बोर्डावरच्या कागदाने येते. त्या कागदाला ‘स्वेच्छानिवृत्ती योजना’ म्हणतात. बोलताना सगळे ‘व्हीआरएस’ म्हणतात. पन्नाशीच्या आसपास नोकरी सुटते, हातात मोठी रक्कम पडते आणि पुढे पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. या रकमेचा आणि त्या वर्षांचा मेळ कसा घालावा, याचा अभ्यास मी आमच्याच घराच्या हिशेबावरून केला. तो विद्यार्थी मित्रांपुढे आणि प्राध्यापकांपुढे मांडत आहे.

आमच्या घरात एकरकमी पैसा दोन पिढ्यांत दोनदा आला. आजोबांची भातशेती नवी मुंबईच्या प्रकल्पात गेली तेव्हा पहिल्यांदा, आणि वडिलांनी २०२३ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा दुसऱ्यांदा. आजोबांचा मोबदला घराचे छप्पर आणि दोन आत्यांची लग्ने यांत पाच-सहा वर्षांत संपला. तो उधळला असे म्हणणे अन्यायाचे होईल. छप्परही हवे होते, लग्नेही करायची होती. परंतु शेत दरवर्षी भात देत होते. छप्पर भात देत नाही. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. पुढे १९९० साली साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण ठरले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी त्या लढ्याकडे पाहतो तेव्हा वाटते, की एकदाच हाती पडणाऱ्या रकमेपेक्षा पुढेही टिकणारा वाटा माणसाला हवा असतो. निवृत्तीच्या नियोजनाचे मर्मही हेच आहे.

आता वडिलांचा हिशेब पाहू. नोकरी २१ वर्षांची, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. त्यासाठी महिन्याचा पगार २६ ने भागतात. म्हणजे वर्षाला १५,००० आणि २१ वर्षांचे ३,१५,०००. स्वेच्छानिवृत्तीचे ११ लाख, प्रॉव्हिडंट फंडाचे पावणेदहा लाख. सारे मिळून जवळजवळ २४ लाख! आमच्या आळीत आकडा ऐकून लोक पेढे मागू लागले. कोणी टेम्पो घ्या म्हणाले, कोणी वरचा मजला चढवा म्हणाले.

परंतु आमचा घरखर्च तेव्हा महिना २२,००० होता. २४ लाखांना २२,००० ने भागले तर १०९ महिने येतात, म्हणजे नऊ वर्षे. वडील साठ वर्षांचे होतील आणि डबा रिकामा होईल. शिवाय भाव स्थिर राहत नाहीत. ७२ ला भाववाढीच्या टक्केवारीने भागले की किती वर्षांत खर्च दुप्पट होईल ते साधारण कळते. ६ टक्के धरले तर १२ वर्षे. म्हणजे वडिलांच्या ६३ व्या वर्षी तोच संसार ४४,००० मागेल. एवढे गणित कागदावर मांडल्यावर टेम्पोचा विषय आईनेच बंद केला.

पेन्शनचे काय? कारखान्यातल्या कामगाराला १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना लागू होते. मालकाच्या हिश्शातून ८.३३ टक्के तिच्यात जातात. किमान दहा वर्षे सेवा झाली असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शन मिळते. सूत्र सोपे आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. मेख ‘पेन्शनपात्र’ या शब्दात आहे. ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेला ६,५०० रुपयांची मर्यादा होती, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० ची झाली. पगार २६,००० असला तरी वडिलांची पेन्शन तीन-साडेतीन हजारांच्या घरातच येते. ५० व्या वर्षापासून ती लवकर घेता येते. पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के कपात होते. अगदी ५० व्या वर्षी घेतली तर पाव हिश्शाहून अधिक रक्कम जन्मभरासाठी जाते. या पेन्शनला महागाई भत्ताही नाही. म्हणून वडिलांनी ५८ पर्यंत थांबायचे ठरवले.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ५५ व्या वर्षापासून प्रवेश आहे. ५१ व्या वर्षी ते दारही बंद होते. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत मात्र एप्रिल २०२३ पासून संयुक्त खात्याची मर्यादा १५ लाख झाली होती. आईवडिलांच्या नावे तेवढे ठेवले. ७.४ टक्के दराने महिना ९,२५० रुपये येऊ लागले. वर्षभराचा खर्च, म्हणजे २,६४,००० रुपये, बँकेत हाताशी ठेवला. उरलेले आजारपण आणि बहिणीचे शिक्षण यांसाठी मुदत ठेवीत. तरीही महिन्याला १२,७५० कमी पडत होते. ते भागवायला वडील कोपरखैरण्याच्या सोसायट्यांत वायरमनचे काम करतात. म्हणजे निवृत्ती कारखान्यापासून झाली, कष्टांपासून झाली नाही.

आपण एकोणीस-वीस वर्षांचे आहोत. आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांना जुन्या पेन्शनऐवजी अंशदायी योजना लागू झाली. त्या प्रश्नावर मार्च २०२३ मध्ये मोठा संप झाला, हे आपल्या प्राध्यापकांना मी सांगायला नको. आपल्यापैकी पुष्कळांना तर तेवढीही नोकरी मिळणार नाही. २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेचा तक्ता मी पाहिला. साठीनंतर ५,००० रुपये पेन्शनसाठी १८ व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात, ४० व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला १,४५४. पहिला ४२ वर्षांत १,०५,८४० भरतो, दुसरा २० वर्षांतच ३,४८,९६०. पेन्शन दोघांना सारखीच. अर्थात ६ टक्के भाववाढीने ४२ वर्षांनंतरच्या त्या ५,००० ची किंमत आजच्या पाचशेच्याही आत येईल, हेही लक्षात ठेवले पाहिजे. केवळ एका योजनेवर विसंबून चालणार नाही.

तात्पर्य एवढेच, की हाती येणाऱ्या रकमेपुढे किती शून्ये आहेत हे मोजण्याआधी ती महिन्याला किती देईल आणि किती वर्षे देईल, हे दोन प्रश्न विचारावेत. आजोबांच्या वेळी हे गणित मांडून दाखवणारे घरात कोणी शिकलेले नव्हते. आता आपल्या घरांत आपण आहोत. नोटीस बोर्डावर कागद लागेल त्या दिवशी, सही होण्यापूर्वी, वही-पेन्सिल घेऊन वडिलांशेजारी बसणे एवढे तरी आपल्या शिक्षणातून व्हावे.