दोन लाल जग

व्होडकाला स्वतःची अशी चव फारशी नसते. म्हणूनच ताज्या फळांशी तिचं छान जमतं. स्ट्रॉबेरी स्ट्रॉबेरीसारखीच लागते, पुदिना पुदिन्यासारखा. धोकाही नेमका तिथेच आहे. ग्लासात व्हिस्की असली तर नाकाला आधी कळतं. साखर, लिंबू आणि स्ट्रॉबेरीत मुरलेली व्होडका मोठ्या माणसालाही पटकन कळत नाही, तर लहान मुलाला कुठून कळणार?

आमच्या घरात घडलेलं सांगते. स्ट्रॉबेरीचा हंगाम होता आणि आम्ही चुलत-मावस सगळे मिळून पाचगणीला बंगला घेऊन राहिलो होतो. सकाळीच शेतावरून खोका आणला होता. दुपारी नात्यातल्या एकाने मोठ्या मंडळींसाठी एक जग भरून व्होडकाचं कॉकटेल केलं. शेजारी पोरांसाठी स्ट्रॉबेरीचं सरबत. दोन्ही जग काचेचे, दोन्ही लालचुटूक, दोन्हींत पुदिन्याच्या काड्या खोचलेल्या. आत्याच्या नातवाला तहान लागली म्हणून तिने हाताशी होता त्या जगातून ग्लास भरून दिला. सात वर्षांचं पोर. गोड लागलं, अर्धा ग्लास त्याने संपवला. थोड्या वेळाने चालताना त्याचा तोल जायला लागला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, उन्हात खेळून दमलाय. मग त्याला उलटी झाली, तो तिथेच आडवा झाला आणि हाका मारल्या तरी डोळे उघडेना. मी त्याच्या तोंडाशी वाकले तेव्हा वास आला.

कोणी म्हणालं ताक पाजा, कोणी म्हणालं मिठाचं पाणी देऊन उलटी काढा, कोणी म्हणालं झोपू द्या, उतरेल. त्याच्या आईने यातलं काहीही करू दिलं नाही. तिने त्याला कुशीवर वळवलं आणि गाडी काढायला लावली. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यात आधी बोटाला सुई टोचून रक्तातली साखर पाहिली. ती खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज सुरू केलं, अंगावर ब्लँकेट टाकलं आणि रात्रभर साखर तपासत राहिले. सकाळी पोराने उठून पोहे मागितले, तेव्हा कुठे आत्याने पाणी घेतलं.

डॉक्टरांनी तेव्हा समजावलं ते प्रत्येक आईबापाला ठाऊक हवं. यकृत अल्कोहोल मोडण्यात गुंतलं की नवी साखर तयार करण्याचं त्याचं काम मागे पडतं. मुलांच्या शरीरात साखरेचा साठा मुळात थोडा, त्यामुळे ती झपाट्याने घसरते. झटके येऊ शकतात, अंग थंड पडतं. म्हणून मूल अल्कोहोल प्यायलं असेल तर ‘झोपू द्या’ हा सल्ला ऐकू नका. मुद्दाम उलटी काढू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नका. कुशीवर ठेवा, १०८ ला फोन करा किंवा गाडीत घाला, आणि काय व अंदाजे किती पोटात गेलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नातेवाइकांची लाज अशा वेळी मध्ये आणू नये.

त्या जगाचा हिशेब मी नंतर मांडला. ७५० मिलीची अख्खी बाटली त्यात ओतली होती आणि जगातून आठ ग्लास निघत होते. म्हणजे एका ग्लासात जवळजवळ ९४ मिली व्होडका, तीन छोट्या पेगांहून जास्त. आपल्याकडच्या व्होडकात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ‘हलकंच आहे, फळांचं आहे’ म्हणत दोन ग्लास घेणाऱ्याच्या पोटात सहा पेग गेलेले असतात. मला या अंदाजपंचे ओतण्याची खरी भीती वाटते.

त्यामुळे माझ्याकडे आता अल्कोहोल जगात जात नाही. जगात फक्त फळांचा रस, तो सगळ्यांसाठी एकच. व्होडका ज्याच्या त्याच्या ग्लासात, मापाने, ३० मिली. बाटली आणि ते ग्लास उंच ओट्यावर, पोरांचा हात पोचणार नाही असे.

रस असा करते. स्ट्रॉबेरी जमिनीलगत वाढते आणि तिला सोलायची साल नसते, तेव्हा माती आणि फवारणी दोन्हींचा विचार करावा लागतो. हिरवी टोपी न काढता वाहत्या पाण्याखाली एकेक फळ चोळून धुवायचं. टोपी आधी काढली तर फळ पाणी पितं आणि चव फिकी पडते. ग्लासामागे पाच-सहा फळं चिरून त्यावर चमचाभर साखर भुरभुरायची आणि वीस मिनिटं विसरून जायचं. साखर फळातलं पाणी ओढून घेते, वाटीत आपोआप दाट लाल पाक जमतो. मिक्सर लावला तर फेस येतो आणि रंग फिकट दिसतो. अर्ध्या लिंबाचा रस घालून लाकडी बत्त्याने हलकं दाबायचं.

पुदिना मात्र कुटायचा नाही. पानं चिरडली की कडसर रस उतरतो. सहा-सात पानं तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी वाजवली की सुगंध मोकळा होतो, तेवढं पुरे. तुळस मी दारूत घालत नाही, मनाला पटत नाही. सब्ज्याची ताजी पानं मिळाली तर ती स्ट्रॉबेरीशी पुदिन्याहून सुरेख लागतात. बर्फ भरपूर, गार सोडा सगळ्यात शेवटी आणि चमच्याने एकदाच ढवळणं. मार्चनंतर तुती आली तर तिचंही असंच करता येतं, फक्त साखर कमी. सजावटीसाठी बांधावरची अनोळखी फळं तोडायचा मोह टाळा. घाणेरीची कच्ची फळं विषारी असतात, आणि गुंजेच्या बिया चावल्या गेल्या तर जिवावर बेततं.

पिणाऱ्यांनी आधी पोटात काहीतरी घालावं. झोपेच्या गोळ्या किंवा मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. गरोदर बाईने तर नाहीच. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांखालच्यांना व्होडका देणं कायद्यात बसत नाही, पाहुण्याचं पोर कितीही मोठं दिसत असलं तरी. एक छोटा पेग शरीरातून जायला तासाहून थोडा जास्तच वेळ धरावा, कॉफीने किंवा लिंबूपाण्याने तो कमी होत नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि पाचगणीच्या वाटेवरच्या पसरणी घाटातली वळणं तेवढीही सवलत देत नाहीत. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या ग्लासात रस आणि सोडाच.

मंडळी उठली की ग्लास तिथल्या तिथे विसळून टाका, सकाळपर्यंत ठेवू नका. तळाशी राहिलेल्या फोडींनी व्होडका शोषलेली असते, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून स्ट्रॉबेरी शोधत येणारी पोरंच असतात.