सामाईक इलेक्ट्रॉन आणि पिकाचे नत्र

हवेच्या एकूण आकारमानापैकी सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा, म्हणजेच नायट्रोजनचा आहे. पिकाच्या वाढीस नत्र अत्यावश्यक आहे, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. असे असता नत्राच्या या अथांग साठ्यात उभे असलेले ज्वारीचे वा उसाचे पीक नत्राअभावी पिवळे का पडते आणि शेतकऱ्याला युरियाची गोणी विकत का आणावी लागते, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर दोन अणू परस्परांशी कसे जोडले जातात, यात आहे.

बंध कसा जुळतो?

प्रत्येक अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉनांची कवचे असतात. रासायनिक संयोगात मुख्यत्वे सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन भाग घेतात. हे कवच हायड्रोजनच्या बाबतीत दोन, तर नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या बाबतीत आठ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण होते आणि पूर्ण कवचाची रचना स्थिर असते. मिठातील सोडियम व क्लोरीन ही पूर्तता इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीने करतात. परंतु जेथे दोन्ही अणूंना इलेक्ट्रॉन हवेच असतात, तेथे देवघेवीने काम भागत नाही. तेथे अणू इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सामाईक करतात. ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. या बंधास सहसंयुज बंध असे म्हणतात.

दोन भावांच्या शेतांच्या सीमेवरील सामाईक विहीर डोळ्यांसमोर आणावी. विहीर एकच, परंतु तिच्यातील हिस्सा दोघांच्याही सात-बारा उताऱ्यावर नोंदला जातो. सामाईक इलेक्ट्रॉन-जोडीही तशीच दोन्ही अणूंच्या हिशेबी धरली जाते. ती दोन्ही केंद्रकांकडे एकाच वेळी आकर्षिली जाते आणि त्या आकर्षणानेच अणू बांधलेले राहतात.

हायड्रोजनच्या अणूला एक इलेक्ट्रॉन कमी असतो. म्हणून दोन हायड्रोजन अणूंत एक जोडी सामाईक होते. ऑक्सिजनला दोन कमी असतात. त्याच्या रेणूत दोन जोड्यांचा, म्हणजे दुहेरी बंध असतो. नायट्रोजनच्या बाह्य कवचात पाचच इलेक्ट्रॉन असल्याने त्याला तीन हवे असतात. म्हणून दोन नायट्रोजन अणूंमध्ये तीन जोड्यांचा तिहेरी बंध तयार होतो. तो अतिशय बळकट आहे. २८ ग्रॅम नत्रवायूतील सर्व बंध तोडण्यास सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्या उष्णतेत २५ अंश सेल्सियस तापमानाचे सुमारे तीन लिटर पाणी उकळीस येईल. ऑक्सिजनसाठी याच्या निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा पुरते. हवेतील नत्र पिकाला थेट घेता येत नाही, याचे कारण हा बंध होय.

कारखाना आणि मुळांवरील गाठ

जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या संयोगाने अमोनिया बनवून दाखविला. कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी १९१३ मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. या पद्धतीत लोहयुक्त उत्प्रेरक तिहेरी बंध सैल करण्यास साहाय्य करतो; तरीही सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हायड्रोजन मिळविण्यासाठी नैसर्गिक वायू खर्ची पडतो तो वेगळाच. रायगड जिल्ह्यातील थळ येथील कारखान्यात अशाच अमोनियापासून युरिया तयार होतो.

हेच कार्य तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू शेतातील नेहमीच्या तापमानात करतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा त्यांना पिकाने तयार केलेल्या शर्करेतून मिळते. शिक्षकांनी फुलोऱ्याच्या सुमारास असे एखादे रोप मुळासकट हलकेच काढून विद्यार्थ्यांना दाखवावे. गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसली, तर जिवाणू कार्यरत आहेत असे समजावे.

यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि त्यातील प्रत्येक कण हा बंध सोडवूनच मिळालेला असतो. युरिया जमिनीवर नुसता फेकल्यास त्यातील काही नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते. काही नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर झिरपते व विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. दलदलीच्या जमिनीत तर जिवाणू नायट्रेटचे पुन्हा नत्रवायूत रूपांतर करतात; मोठ्या खर्चाने सोडविलेला बंध पुन्हा जुळतो आणि शेतकऱ्याचा पैसा हवेत जातो.

म्हणून माती परीक्षणानुसार युरियाची मात्रा ठरवावी, ती हप्त्यांनी विभागून व मातीआड करून द्यावी. कडधान्याच्या बियाण्यास त्या-त्या पिकासाठीचे जिवाणू संवर्धक लावावे आणि फेरपालटीत कडधान्याला स्थान द्यावे. ग्रामपंचायत सदस्यांनी गावच्या पाण्याची तपासणी करून घेताना नायट्रेटचा आकडा आवर्जून पाहावा. अणूंच्या या सामाईक व्यवहाराचा अर्थ गावोगावी उमगला, तर खताचा खर्च आणि विहिरीचे पाणी या दोहोंचेही रक्षण होईल.