बारावी सायन्सनंतर एक वाट : एक्स-रे तंत्रज्ञ

बारावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे येतात. "मेडिकलला नंबर लागला नाही, आता काय?" हा ठरलेला प्रश्न. डॉक्टर नाही तर काहीच नाही, ही समजूत आपल्या वस्त्यांत घट्ट बसली आहे. म्हणून रेडिऑलॉजी तंत्रज्ञाच्या शिक्षणाविषयी चार शब्द लिहीत आहोत.

रॉन्टजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. आज एक्स-रे आणि सी. टी. स्कॅनची यंत्रे तंत्रज्ञच चालवतो. हे नुसते बटण दाबणे नव्हे. के. व्ही. वाढवले की किरणांची भेदकता वाढते, एम. ए. एस. वाढवले की त्यांचे प्रमाण. हिशेब चुकला तर फोटो पुन्हा काढावा लागतो आणि रुग्णाच्या अंगावर किरण दुसऱ्यांदा पडतात. म्हणून भौतिकशास्त्र आणि शरीररचना पक्की हवी.

"किरणांत काम म्हणजे आजाराला आमंत्रण," असे आयाबाया म्हणतात. भीती अगदीच खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहेत. यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा सुमारे चौथाईवर येते. शिशाचा अ‍ॅप्रन असतो. त्याच्या आत छातीवर टी. एल. डी. बिल्ला लावतात, तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. मालक बिल्ला देत नसेल तर मुलांनी तो न लाजता मागावा.

खरा धोका दुसरीकडे आहे. सहा महिन्यांत सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासमध्ये कर्ज काढून पैसे भरले जातात आणि तो कागद सरकारी भरतीत चालत नाही. अभ्यासक्रमाला विद्यापीठाची किंवा शासनाची मान्यता आहे का, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते, हे फी भरण्याआधी लेखी विचारावे. "सोनोग्राफीही शिकवू" म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहावे. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने ते काम पात्र डॉक्टरांकडेच ठेवले आहे.

१९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतीही मिळाल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला घ्यावे. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ केली तर ते हाती येत नाही.