खर्चाचा हिशोब
वाचावयाचे भाग: इब्री ११:२४–२७, लूक १४:२८–३३, याकोब २:१५–१६

नेकनूरच्या आठवडी बाजारात बैलाचे दात पाहिल्यावाचून व किंमत ठरविल्यावाचून शहाणा मनुष्य सौदा करीत नाही. आपला प्रभूही शिष्य होऊ पाहणाऱ्यास आधी खर्चाचा हिशोब करावयास सांगतो.

१. मोशेची निवड. राजवाड्यातील मान व मिसरातील धन सोडून त्याने देवाच्या लोकांबरोबर दुःख सोसणे पत्करिले. त्याची दृष्टि पुढील प्रतिफळाकडे होती, म्हणून तो टिकला.

२. आपल्यातील उदाहरण. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. जात व आप्त तुटले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्यांनी काय सोसले ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात आहे. आपल्या निर्णयाची झळ घरच्यांसही लागते, हे विसरू नये. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडिला व 'देवाचा दरबार' स्थापिला. १९१९ साली ते निवर्तले. ते धनवान झाले नाहीत; पण देवाने त्यांस टाकिले नाही.

३. आपली परीक्षा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे, व त्यातील पुढील दुरुस्त्यांप्रमाणे, हिंदु, शीख व बौद्ध यांवाचून इतर धर्म मानणारा अनुसूचित जातीचा गणला जात नाही. मुलाची सवलत जाईल या भीतीने विश्वास झाकून ठेवण्याचा मोह होतो. ही भीती खोटी नाही. मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जाणाऱ्यास एक सवलतही मोठी वाटते. सनदशीर मार्गाने न्याय मागणे योग्यच आहे. परंतु ओठांनी प्रभूस धनी म्हणावे आणि कागदावर त्यास नाकारावे, ही दोन धन्यांची चाकरी होय.

४. देवाचा विश्वासूपणा. देव भाकर बहुधा बंधूंच्या हातून पाठवितो. तोडणीस गेलेल्यांच्या घरी राहिलेली म्हातारी माणसे व मुले यांची काळजी मंडळीने वाहावी. ज्या मुलाची सवलत गेली त्याच्या फीस सर्वांनी हातभार लावावा. हे न करिता त्यास केवळ "देवावर भरवसा ठेव" म्हणणे म्हणजे उपाश्यास रिकाम्या हाताने आशीर्वाद देणे होय.

विचारावयाचे प्रश्न:
(१) मोशेने काय सोडिले व का?
(२) कोणत्या लाभापायी मी प्रभूचे नाव झाकितो?
(३) विश्वासापायी तोटा सोसणाऱ्या कोणत्या घरास आपली मंडळी या महिन्यात मदत करील?