हिवाळ्यातील फुलबाग

शास्त्रपाठ : मत्तय ६:२५–३४, १ करिंथ ३:५–९

पाऊस ओसरून भाद्रपद सरू लागला म्हणजे आमच्या उपदेशक बंधूंपुढे नाताळाची तयारी उभी राहते. गीते बसवावयाची, मुलांचे पाठांतर घ्यावयाचे, मंदिराच्या भिंती रंगवावयाच्या, ही कामे सर्वांस आठवतात. फुलांचे स्मरण मात्र आदल्या दिवशी होते, आणि मग बाजारातून रंगीत कागद आणावे लागतात. तरी आजच्या पाठात हिवाळी फुलांचा विचार करू.

कित्येक बंधु म्हणतात की, झेंडूची माळ पाहिली म्हणजे पूर्वीची पूजा आठवते. सबब विश्वासणाऱ्याने ती फुले दारी लावू नयेत. ह्या शंकेस आम्ही हसत नाही. ज्याने पुष्कळ सोडून दिले आहे त्याचे मन जपिले पाहिजे. परंतु झेंडू मूळचा कोठला, हे ठाऊक आहे काय? तो मेक्सिको देशाचा. समुद्रापलीकडून तो ह्या देशात आला, आमच्या मातीत रुजला, आणि आता तो आमचाच झाला आहे. परका म्हणून त्यास कोणी हिणवीत नाही. आमच्या विश्वासास परदेशी म्हणणारे शेजारी ज्या गावी आहेत, त्या गावच्या मंडळीने ह्या फुलाकडे पाहून धीर धरावा. शेजारी ते फूल आपल्या रीतीने वाहतात. आम्ही ते निर्माणकर्त्याची कृती म्हणून वाढवावे. प्रभूने चिंताक्रांत लोकांस रानातील भूकमळांकडेच पाहावयास सांगितले, हे विसरू नये.

दुसरी शंका आमच्या भगिनींची आहे. दुरून डोक्यावर आणिलेले पाणी फुलांस घालणे योग्य काय? नव्हे, पिण्याचे पाणी घालूच नये. भाजी, तांदूळ व भांडी नुसती धुतलेले पाणी जेथे सांडते तेथेच चार हात लांब वाफा करावा. सोड्याचे किंवा साबणाचे दाट पाणी मात्र घालू नये. त्याने माती बिघडते. जागा अशी असावी की दिवसातून सहा तास तरी ऊन पडेल.

आता पेरणी. झेंडूचे बी सप्टेंबरच्या मध्यापासून अखेरपर्यंत पेरावे. गादीवाफा करून बी पाव इंच खोल टाकावे, वर कुजलेले बारीक खत भुरभुरावे, कडेने राख टाकावी म्हणजे मुंग्या बी नेणार नाहीत. झारीने हलके पाणी द्यावे. चार आठवड्यांत रोप लावणीस येते. ते सायंकाळी, दीड दीड फुटावर लावावे. दोन आठवड्यांनी शेंडा खुडावा. नवशिक्यास हे जिवावर येते. परंतु शेंडा खुडल्यावाचून फांद्या फुटत नाहीत, आणि फांद्यांवाचून फुले थोडी. द्राक्षवेलाचा दृष्टांत शिकविणाऱ्या उपदेशकाने हे काम मुलांच्या हाताने करवावे. पाठ निराळा समजवावा लागणार नाही. खताचा लोभही करू नये. फार खताने पाला माजतो व फूल मागे पडते.

ॲस्टर हळू वाढते. नाताळास हवे तर ऑगस्टअखेर पेरावे. शेवंतीचे फुटवे जून-जुलैतच लावावे लागतात. हिची एक रीत मनन करण्याजोगी आहे. दिवस लहान होऊन रात्र वाढू लागली म्हणजेच तिला कळी धरते. रात्री तिच्यावर दिव्याचा उजेड सतत पडत राहिला तर ती फुलावयाची थांबते. ज्या कुटुंबावर दुःखाची दीर्घ रात्र आली आहे, त्याने ही गोष्ट मनात ठेवावी.

एका वर्षी आम्ही आळस करून ऑक्टोबरच्या अखेरीस झेंडू पेरिला. नाताळास वाफाभर हिरवा पाला होता, फूल एकही नव्हते. लहान मुलांनी रोज येऊन पाहिले व रिकाम्या हाताने परत गेली. लावणारा व पाणी घालणारा काही नव्हे, वाढविणारा देव, असे पौल शिकवितो हे खरे. परंतु वेळेवर न पेरणाऱ्यास त्या वचनाची सबब सांगता येत नाही.

शेवटली गोष्ट बियांची. मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली छापणारे श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी हे मोठे बागवान होते. १८२० साली त्यांनी शेती व बागकामासाठी एक मंडळी स्थापिली. विलायतेहून आलेली बियांची पिशवी रिकामी करून त्यांनी ती मातीवर झटकली, तो त्या मातीतून विलायती कुरणातील डेझीचे रोपटे उगवले. बंगालच्या हवेत ते वर्षानुवर्षे टिकणारे नव्हते. म्हणून केरी दर वर्षी त्याचे बी धरीत व पुन्हा पेरीत, आणि अशा रीतीने त्यांनी ते राखिले.

हिवाळी फुलांचे आयुष्य एका ऋतूचे. उन्हाळा लागला की झाड वाळते. जो बी धरितो त्याचीच बाग पुढल्या वर्षी असते. सर्वांत चांगली चार फुले तोडू नयेत. ती झाडावरच वाळू द्यावी, बी सावलीत सुकवून कागदाच्या पुडीत ठेवावे व वर साल लिहावे. ॲस्टरचे बी वर्षापलीकडे भरवशाचे नसते. दुकानातील संकरित बियांपासून धरलेले बी मूळच्यासारखे येत नाही, म्हणून गावातील जुने वाण मिळवावे. मंडळीचेही असेच आहे. बाहेरून आलेल्या देणगीने एक वर्ष फुलते. आपल्या घरी, आपल्या मुलांत बी धरिले तरच ती टिकते.

चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या मंदिराजवळ सांडपाणी कोठे जाते? तेथे वाफा होईल काय?
२. शेंडा खुडण्यावरून आपण काय शिकतो?
३. आपल्या मंडळीत कोणते बी आपण आज धरून ठेवीत नाही?