शिट्टी म्हणजे चुगली नव्हे

संत्री ड्यूटी शिकवताना उस्ताद एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात: संशय आला की लगेच आवाज द्यायचा, खात्री होण्याची वाट पाहायची नाही. मैदानावर मी हे पाठ केले. पण सुटीत घरी, भिलाईत, नेमके हेच विसरलो.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि कामासाठी देशभरातून माणसे आली. आमच्या ब्लॉकमध्ये मराठी, तेलुगू, मल्याळी, पंजाबी आणि छत्तीसगढी घरे आहेत. दिवाळीचा फराळ सगळ्या घरांत फिरतो. घरातली काळजी मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत, बंद दाराआड राहते.

शेजारच्या तेलुगू घरातला माझा मित्र पंक्चरचे सोल्यूशन हुंगू लागला होता. मला कळले तेव्हा तो म्हणाला, "घरी बोललास तर दोस्ती संपली." चुगली नको म्हणून मी गप्प बसलो आणि शाळेत परत आलो. पुढच्या सुटीत गेलो तेव्हा तो नववीत नापास झाला होता. त्याचे हात थरथरत होते. मला पाहून त्याने तोंड फिरवले.

त्या रात्री मी आईला सगळे सांगितले. आई आधी त्याच्या आईकडे गेली, मग दोघी मिळून इतरांकडे. तेव्हा लक्षात आले की प्रत्येकाला थोडे थोडे ठाऊक होते. आंटींना त्याच्या रुमालाचा वास आला होता. सायकल दुरुस्तीचा असेल असे त्यांना वाटले. दुकानदार भैयांनी त्याला वरचेवर ट्यूब नेताना पाहिले होते. फुटबॉल शिकवणाऱ्या पंजाबी अंकलना तो महिनाभर मैदानावर दिसला नव्हता. मला तर सगळेच माहीत होते. हे तुकडे कोणी एकत्र जोडले नव्हते, एवढेच.

आता भैया मुलांच्या हाती ट्यूब देत नाहीत. "सायकल घेऊन ये, मीच पंक्चर काढून देतो," म्हणतात. अंकल संध्याकाळी त्याला घरून मैदानावर नेतात. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. मध्ये एकदा त्याचा पाय घसरला, पण या वेळी ते दोन दिवसांत सगळ्यांना कळले.

अशी एकजूट आमच्या भागाला नवी नाही. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणकामगारांची मजुरी १९७७ नंतर लढा देऊन वाढली, पण वाढलेला पैसा दारूत जाऊ लागला. तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या कामगार संघटनेने दारूविरोधी मोहीम उभारली आणि कामगार स्त्रिया त्यात पुढे राहिल्या. दल्ली राजहरा आज ज्या बालोद जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील गुंडरदेहीच्या शमशाद बेगम यांनी 'महिला कमांडो' उभ्या केल्या. या स्त्रिया काठी आणि शिट्टी घेऊन गावात गस्त घालतात. शमशाद बेगम यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या मते त्यांचे खरे हत्यार काठी नसून शिट्टी आहे. ती वाजली की एकटी बाई एकटी राहत नाही.

कॅडेट मित्रांनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, असे पदार्थ हुंगल्याने अगदी पहिल्या वेळीही हृदय अचानक बंद पडू शकते; म्हणून "नंतर सांगू" म्हणू नका. दुसरी, मुलांना नशेचे पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. नशेत अडकलेला मुलगा मात्र रुग्ण आहे, त्याला उपचार हवेत. तिसरी, १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. तिथे मोफत सल्ला मिळतो.

पालकांना एक विनंती. मुलाने मित्राबद्दल काही सांगितले, तर "त्याच्याशी बोलू नकोस" एवढे म्हणून विषय संपवू नका. त्या मित्राच्या घरची बेल वाजवा.

माझा मित्र अजून माझ्याशी पूर्वीसारखा बोलत नाही. पण परवा फोनवर आईने सांगितले, तो गोलकीपर म्हणून उभा होता. मी शिट्टी फार उशिरा वाजवली. तुम्ही वेळेवर वाजवा.