कीर्तनाआधी श्रवण

वारकरी सज्जनहो, नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे, कीर्तनाला दुसरा. आम्ही कीर्तनकारांनी हा क्रम केव्हाच उलटा करून टाकला. पाठशाळेत आमची वाणी घासूनपुसून घेतली गेली, कानाला मात्र कुणी धडा दिला नाही. त्याचे फळ एका माळकरी गृहस्थास भोगावे लागले.

काही वर्षांपूर्वी आषाढीच्या वाटेवर, मुक्कामाचे कीर्तन आटोपल्यावर ते आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "महाराज, झोप न्हाई. कशात जीव रमत न्हाई. कुणासाठी जगायचं तेच कळंना." आम्ही नाम वाढवा म्हणून सांगितले, प्रारब्धावर दोन दृष्टान्त दिले, बुक्का लावला आणि पंगतीला गेलो. कार्तिकीच्या आत त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. घरच्यांनी वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून वाचले. पुढे भेटले तेव्हा म्हणाले, "तुम्ही सांगितल्यापरमानं नाम घेतलं. तरी आत अंधारच. मग वाटलं, आपलं नामबी देवाला पोचत न्हाई."

त्या रात्री आम्ही गीता पुन्हा उघडली. पहिल्या अध्यायात अर्जुन हातपाय गळाल्याचे सांगत राहतो आणि भगवान मध्ये एक शब्द बोलत नाहीत. दुसऱ्याच्या आरंभी दोन श्लोकांत ते त्याला झिडकारून पाहतात, पण अर्जुन काही उठत नाही! तो आणखी बोलतो, शरण येतो, आणि मग गप्प होतो. खरा उपदेश सुरू होतो तो अकराव्या श्लोकापासून. आद्य शंकराचार्यांचे श्लोकभाष्यही तेथूनच लागते, म्हणून पाठशाळेत आम्ही मागचे सारे भराभर उरकले होते.

असे ऐकणे शिकवता येते काय? येते. आफ्रिकेत झिंबाब्वे देशात मनोविकारांचे डॉक्टर अगदी मोजके. तेथे हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली १४ आज्ज्यांना शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक मांडले. दुःखी माणूस बाकावर बसतो, आजी त्याचे ऐकते, मग अनेक अडचणींतली एक निवडायला लावते आणि तिच्यावरचा उपाय त्याच्याच तोंडून काढून घेते. त्या आजाराला तिकडे 'फार विचार करणे' अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्या बायाबापड्याही 'त्याला विचार लागलाय' असेच म्हणतात की! ५७३ रोग्यांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. बाकावर बसलेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी इतरांपेक्षा पुष्कळच कमी आढळला.

आमची विनंती अशी की, प्रत्येक दिंडीने एक बाई व एक पुरुष निवडून जिल्हा रुग्णालयातील मनोविकारांच्या डॉक्टरांकडून शिकवून घ्यावेत. समोरच्याचे बोलणे तोडू नये. 'तुझ्याहून दुःखी लोक आहेत' असे म्हणू नये. सगळ्यात अवघड म्हणजे, शंका आली तर "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे; विचारल्याने माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर क्षणभर एकटे सोडू नये, घरच्यांना सांगावे, दवाखान्यात न्यावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून माळेवर भागवा, असे सांगणाऱ्याने आधी माळ खाली ठेवावी.

आमच्या फडावर आता एकादशीला याचा सराव चालतो. एकाने पाव घटका बोलायचे, दुसऱ्याने नुसते ऐकायचे. पहिल्या दिवशी आमच्यासमोर तेच गृहस्थ बसले. दोन मिनिटेही झाली नसतील, आम्ही दृष्टान्ताला तोंड फोडले. त्यांनी हळूच आमचा हात धरला आणि म्हणाले, "महाराज, माझं अजून संपलं न्हाई."